देसाईचं खातं

आमच्या पनवेलच्या ऑफिसातल्या देसाईला मी कधी पाहिलंच नाही. मी लागलो त्याआधीच तो नोकरी सोडून गेला होता. पण कुणीही कोड जमा केला की सर्व्हरवरच्या जुन्या सेटिंग फाइली पुसून नव्या टाकणारी स्क्रिप्ट त्याचीच होती, आणि तिच्यात जागोजागी त्याच्याच खात्यातल्या फोल्डरचा पत्ता ठोकलेला होता.

सर वैतागले. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला अजून? काढून टाक ते."

मी पत्ता काढून तिथे व्हेरिएबल टाकला, म्हणजे स्क्रिप्ट जो चालवेल त्याच्या फोल्डरचं नाव आपोआप भरलं जाईल. हाताने चालवून पाहिलं, व्यवस्थित चाललं. त्याच संध्याकाळी जासईच्या कंटेनर यार्डाला नवी आवृत्ती द्यायची होती. सर मागे येऊन उभे राहिले. कोड जमा करायला माझं बोट एंटरवर गेलं.

"थांब," शेजारी बसणारा नीलेश म्हणाला. हा उरणचा. "आता स्क्रिप्ट आपोआप चालेल, तुझ्या खात्यातून नाय. तेव्हा तिला तुझा व्हेरिएबल मिळतो का नाय?"

"मिळत असेल की."

"असेल नाय. बघ आदी."

त्याने पुसायची कमांड बदलून ती नुसती छापायला लावली आणि एंटर मारला. काय पुसायचं, तर स्क्रीनवर फक्त एक तिरका दांडा. पुढचं फोल्डरचं नावच गायब. म्हणजे अख्खा सर्व्हर पुसला गेला असता.

सरांनी विचारलं, "बॅकअप?"

"ह्याच मशीनवर आहे, सर," मी म्हणालो.

सर खुर्ची ओढून बसले. "देसाई राहू दे."

पुढे नवा सर्व्हर आला. मी त्यावर सरांचं खातं उघडायला घेतलं, तर म्हणाले, "माझं नंतर. आधी देसाईचं उघड."