जेवणारे सरत नाहीत

दुसऱ्याला जेवू घालणे हे पुण्य, असे आपण बालपणापासून शिकत आलो. परंतु जेवू घालणाऱ्या हाताने स्वतः केव्हा जेवावे, याचा विचार फार थोड्या घरांतून होतो. मूल या गावी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत असता, शेजारी बसलेल्या मुखरू आणि भागीरथाबाई या वृद्ध दांपत्याचे बोलणे माझ्या कानी पडले. भागीरथाबाई नवऱ्याला म्हणत होत्या,

“नागपूरले अजून एकडाव जाऊ ना वो.”

“काऊन? डोळा तं बरा झाला तुहा.”

“त्या खानावळीत जेवाले.”

“तिथी तं तू दुपारभर भिंतीले टेकून उभी व्हतीस!”

“सारे माणसं उठले का बसीन म्हटलं. एक उठे तं दुसरा येऊन बसे. मले का मालूम, शहरात जेवणारे सरतच नाईत!”

“वाढणारा हासला तुले.”

“हासला, पन म्हणला, बाई, इथी मांगून कोणी जेवत नाई, बसा. भात वाढला तं वाफ निंघत व्हती. चाळीस वर्सं भात रांधला, पन गरम कसा लागते, ते त्या दिवशी समजलं.”

“मले सांगितलं नाई कधी.”

“तुमी इचारलं कधी?”

“नागपूर लय दूर आहे, भागीरथा. उद्या घरीच तू पयले जेवाले बस. मी वाढतो.”

“अन् पोरं, सुना?”

“आपल्या घरीही जेवणारे कुठी सरतेत?”

“सांडन भात तुमच्या हातानं.”

“सांडू दे. गरम तं राहीन.”

मोटार आली. त्या घरच्या भाताची पहिली वाफ भागीरथाबाईंच्या ताटातून निघो, आणि मुखरूंचा हात वाढताना स्थिर राहो.