भाडेकरूला डॉक्टरकडे नेल्याबद्दल

...आवाज जरा खाली, हिंमतराव — तुमचा केदार वर झोपलाय, बऱ्याच दिवसांनी नीट झोपलाय. हो, मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे मीच नेलं, तुम्हाला न विचारता. घरमालकिणीनं भाडं घ्यावं आणि गप्प बसावं, मान्य — पण जन्मभर शाळेत शिकवलं, खोड जात नाही. काय म्हणता? पोरगा येरवड्यात गेला म्हणून गावात काय सांगू? अहो, माझं घरच येरवड्यात आहे, वर्षभर तो इथेच राहतोय — तेव्हा नाही लाज वाटली ती.

त्याला काय कमी आहे म्हणता — काहीच नाही. इंजिनिअरिंगला घातलंत, रोज फोन करून कोणाच्या मुलाला नोकरी लागली तेही कळवता, आणखी काय हवं पोराला? वाघोलीच्या त्या कॉलेजनंही काही कमी ठेवलेलं नाही — समुपदेशन कक्ष आहे, प्राचार्यांच्या केबिनला लागून, म्हणजे आत कोण शिरतंय ते सगळ्यांना दिसावं. केदार दारापर्यंत जाऊन परत आला. मग जेवण सुटलं, अंघोळ सुटली. परवा संध्याकाळी खाली आला, हेडफोन माझ्या हातात ठेवले — "मॅडम, तुमच्या नातीला द्या, मला आता लागणार नाहीत." मला ते काही बरं वाटलं नाही. बसवलं त्याला आणि सरळ विचारलं — केदार, मरायचं मनात येतंय का?

असं विचारू नये? पोराच्या डोक्यात भरतं? अहो, ते भरलेलंच होतं, विचारलं कोणी नव्हतं. हो म्हणाला — आणि मग जो रडला, मी नुसती शेजारी बसून राहिले. थोडा सावरला तशी रिक्षा केली. डॉक्टरीणबाईंनी लगेच आत घेतलं, ओळखीच्या आहेत. कशा म्हणजे? आमचे रहीमसाहेब गेले तेव्हा मला — जाऊ द्या. गोळ्या घेते मी अजून. दिसते का वेडी? नका सांगू, चहा प्या.

गाडी आणलीत, सामान बांधायला आलात — न्या, मुलगा तुमचा आहे. पण जायचंय का ते त्याला विचारा, शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय ते चुकवू नका, आणि परीक्षेचं अक्षर काढू नका. नुसतं शेजारी बसा. जमेल?

...अहो, माझ्यापुढे काय रडताय. वर जा, त्याला दिसू द्या. जिना बुटका आहे, डोकं सांभाळा.