कॅलिस्टा या खेपेला जगली

फ्लॅटबुशच्या बेकरीत, रांगेत माझ्या पुढे ग्रेनेडा बेटावरच्या दोन बायका.

"मर्लताई, तुमच्या लेकीचा, कॅलिस्टाचा, नवा सिनेमा आलाय म्हणे. यातही मरते का हो?"

"नाटकात दोनदा मेली, सिनेमात पाचदा. पहिल्यांदा टीव्हीवर बघून गावाकडे माझ्या आईला खरंच वाटलं गं. मेणबत्त्या लावल्या तिने. शेजारीपाजारी मयताची रात्र जागवायला रम घेऊन हजर."

"बाई बाई. मग?"

"कॅलिस्टाने स्वतः फोन केला. आई म्हणाली, आता आलेच आहेत तर पिऊन जाऊ देत."

"आणि या सिनेमात?"

"शेवटपर्यंत जिवंत."

"शेवटी करते काय?"

"काही नाही. पायरीवर बसून निवांत कोको पिते. तीनदा बघून आले मी."