बेंदराचा खुराक

हसताय काय, पावणं? तुमच्यावर आलं असतं म्हणजे कळलं असतं! दुसऱ्या दिशी रोपलावणीला बायका सांगितलेल्या, वाफ्यातला भाताचा तरवा पिवळा पडाय लागलेला, गगनबावड्याकडच्या खाचरात अजून चिखलणी न्हाय, आणि ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप केकाटतोय... कुंईईई! मागचा चिखलणीचा रोटर अर्धा वर जातोय की बसला खाली! पंप गेला तर करायचं काय, सांगा की!

तसा पंप म्हणजे काय मोठं गौडबंगाल न्हाय. घट्ट डबड्यात दोन दातेरी चाकं, दातात दात अडकवून. इंजिन एकाला फिरवतंय, ते दुसऱ्याला. दातांच्या फटीत तेल भरतंय, भिंतीकडनं फिरून पलीकडं जातंय, आणि माघारी यावं तर मधी दात गच्च मिटल्यालं! मग जाणार कुठं? लिफ्टला रेटतंय, रोटर वर! पण तेल पायजे चोख. कचरा गेला की भिंतीला चरे, तेल कमी पडलं की हवा वढतंय, मग कुंईईई! म्हणून मी जाळी धुतोय, तेल बघतोय, बदलतोय... आमची संयोगिता म्हणती, "माझ्या तब्येतीचं कधी एवढं इचारलंय व्हय?" आता बायकोला काय सांगायचं? हितं पंप गेला तर करायचं काय, सांगा की!

जोतीराम मिस्त्रीला बोलवला. त्यानं तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला. "अमरसिंह, ह्यात फोडणी दिलीया काय रं?" तेल पिवळंधमक! आणि जाळी काढली तर... जाळीवर आम्लेट ओ! हळद घातल्यालं! पंपाला तेलच पोचंना, वढून वढून बोंबलतंय बिचारं. असा कोण वैरी हाय माझा?

तर सोप्यातनं आई, "मीच घातलंय की! बेंदूर न्हवता व्हय?"

आता बेंदराला बैलाला नळकांड्यानं तेल, हळद, अंडी पाजत्यात, ते मलाबी ठावं हाय. पण आई, बैलं इकूनच ह्यो ट्रॅक्टर आणला न्हवं?

"मग ह्येनं काय पाप केलंय? वरीसभर राबतंय मुकाट्यानं! तोंड कुठं हाय कळंना, झाकण दिसलं, वतलं."

तेल घाण्यावरचं शेंगतेल, अंडी गावठी! एवढ्या मायेनं घातलंय, रागवायचं तरी कसं? आणि न्हाय रागवावं तर पंप गेला तर करायचं काय, सांगा की!

मिस्त्रीनं तेल उपसलं, टाकी धुतली, पंप खोलला. मी देव पाण्यात घालून बसलेलो. "भिंतीला चरा न्हाय," म्हणाला, तवा कुठं देव पाण्यातनं काढलं! नवं तेल घातलं, चालू केला... आवाज बंद! रोटर वर गेला आणि वरच ऱ्हायला! चिखलणी झाली, बायका आल्या, तरवा लागला.

आई म्हणती कशी, "बघ, अंगी लागलं का न्हाय!"

मिस्त्री जाताना कानात म्हणाला, "झाकणाला कुलूप घाल." घातलं की! पट्टी मारून दांडगं कुलूप घातलं. आणि किल्ली?... किल्ली काय, आमच्या घरातल्या सगळ्या किल्ल्या आईच्या कमरंला!