डबाभर गोळ्या, चिमूटभर लोखंड

दवाखान्याच्या बाकावर पाळीची वाट पाहणाऱ्या शिंपीबुवांचे कान शेजारच्या आजी-नातीकडे कधी वळले, ते त्यांनाही कळलं नाही.

“बघ आजी, बाटलीला बाहेरून चुंबक लावलं, की भुकटी कशी सरसरत वर येते.”

“अगं बाई, मुंग्यांची रांगच जणू. हे माझ्या गोळ्यांतून निघालं?”

“तुझ्या रक्तवाढीच्या गोळ्यांत शुद्ध लोखंडाची बारीक भुकटी असते, तीच ही. शाळेत पहिला नंबर आला माझ्या प्रयोगाचा.”

“येणारच. सामान कुणाचं होतं?”

“मी दहाच मागितल्या होत्या. तू डबाभर दिल्यास. इतक्या उरल्या कशा?”

“तोंड कडू होतं गं. तुझी आई पाणी घेऊन समोर उभी राहते, तोवर गोळी गालात. ती वळली, की डब्यात.”

“आणि गोळ्या लागू पडत नाहीत असं समजून डॉक्टरबाई आता इंजेक्शनं देणार.”

“एवढ्याशा चिमटीवाचून माणसाचं काय अडतं?”

“एवढंच तर कमी आहे तुझ्यात. काल जिना चढताना तीनदा बसलीस.”

तेवढ्यात आतून हाक आली. आजीने नातीपुढे हात केला.

“ती बाटली दे इकडे. चुंबकही दे.”

“कशाला?”

“डॉक्टरबाई विचारतील, गोळ्या गेल्या कुठे. रिकाम्या हाताने खरं कसं सांगू?”

दोघी आत गेल्या. शिंपीबुवांनी खिशातून गेल्या महिन्याचं न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि दारावरच्या नर्सताईंना हळूच विचारलं,

“घोटभर पाणी मिळेल का?”