मागच्या गाड्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि गेली सदतीस वर्षं माझ्या मालकीण असलेल्या माननीय व्हर्नेलबाई स्टोवॉल, व्यासपीठावर बसलेले आपले पास्टर डॅब्नी, आत्ताच माझ्याविषयी इतकं चांगलं बोललेले, की मी गेलोच की काय अशी मला शंका आली, ते माझे मित्र क्लॅरन्स पेटवे, सकाळपासून स्वयंपाकघरात चिकन तळत असलेल्या आपल्या चर्चच्या भगिनी, अलाबामाहून रजा काढून आलेली माझी लेक रेनीटा, आणि समोर बसलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

व्हर्नेलबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सदतीस वर्षं ज्याने ताशी वीस मैलांच्या वर गाडी नेली नाही, अशा माणसाला पाच मिनिटं देणं कितपत बरोबर आहे, हे त्यांनीच ठरवावं. एवढ्यात मी चर्चच्या फाटकाबाहेरसुद्धा पडत नाही.

तुम्ही मला ही खुर्ची भेट दिलीत. पाय वर करून बसायची, बटणाची. फार सुंदर आहे. मी तुमचा मनापासून आभारी आहे. पण आज मला तुमच्याकडून आणखी एक गोष्ट मागायची आहे, आणि ती शेवटी मागणार आहे. आधी मागितली तर तुम्ही जेवायला उठाल.

तुम्हाला माहीतच आहे, येत्या शनिवारी मी नॅशव्हिल सोडून हंट्सव्हिलला राहायला जातोय. घराच्या कागदांवर सह्या झाल्या. ज्या घरात माझी बायको ओडेसा आणि मी एकेचाळीस वर्षं राहिलो, त्या घराची आजची घरपट्टी आमच्या त्या वेळच्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे फिटलेलं घर मी पुन्हा भाड्याने घेतल्यासारखंच झालं, नाही का?

रेनीटाने मला एक कागद करून दिला. आमची पोर हिशोबाची पक्की. मधे उभी रेघ, एका बाजूला नॅशव्हिल, दुसऱ्या बाजूला हंट्सव्हिल. भाडं, लाइटबिल, औषधं, गाडीचा विमा. मला म्हणाली, "बाबा, तुमच्या पेन्शनीत तिकडे दोन खोल्या येतात आणि वर महिन्यातून चार वेळा बाहेर जेवता येतं. इथे तुम्ही खिडक्यांचे पडदेसुद्धा बदलू शकत नाही." मी म्हटलं, "पडद्यांची गरजच काय? शेजाऱ्याने तीन मजले चढवलेत, ऊन येतंय कुठे?"

त्या शेजाऱ्यांबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. शेजारच्या हॅटीबाईंचं घर पाडून त्या जागेवर दोन उंच, चिंचोळी घरं झाली. त्यातल्या एकात तरुण जोडपं आहे, गोड आहेत. ओडेसा गेल्याचं त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. पूर्वी आपल्या गल्लीत कुणी गेलं, की संध्याकाळपर्यंत ओट्यावर लोकांनी आणलेल्या जेवणाची भांडी ठेवायला जागा उरायची नाही. ही मुलगी बिचारी दारात आली, डोळ्यांत पाणी, आणि हातात वाइनची बाटली. मी चाळीस वर्षं बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, दारूला न शिवणारा! पास्टर, ती बाटली अजून कपाटात आहे, बूच काढलेलं नाही. सामान बांधताना तिचं काय करायचं, ते मला खाजगीत सांगा.

तर तुलना. सकाळच्या न्याहारीला, अंडी, मक्याचे ग्रिट्स आणि कॉफी, इथे आता मला सोळा डॉलर पडतात. तिकडे नऊ. इथे वाढणारी मुलगी विचारते, "सर, तुम्हाला सूचना पेटीत काही लिहायचंय का?" तिकडची म्हणते, "आजोबा, मीठ कमी घाला." इथे कुणालाही विचारा, काय करतोस? तो सांगतो, गाणी लिहितो. तिकडे कुणालाही विचारा, काय करतोस? तो सांगतच नाही. सगळे रॉकेटवाले, सगळी सरकारी गुपितं. रेनीटाच्या शेजारचा माणूस सहा वर्षं रोज टाय लावून जातो, आणि त्याच्या बायकोलाही माहीत नाही कुठे जातो. शहर मात्र तेही वाढतंय. तिकडेही बांधकामाच्या क्रेन आल्या आहेत, शेतं संपत चालली आहेत. दहा वर्षांनी रेनीटाला तिच्या मुलासाठी असाच कागद करावा लागेल.

पण माझ्या मते तिच्या कागदात एक ओळ राहिली होती. ती तिला सुचणार नव्हती, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. अंत्ययात्रा आली की लोक थांबतात का?

मी शववाहिनी चालवायला लागलो, तेव्हा नॅशव्हिल थांबायचं. आपली गाडी दिसली, की समोरून येणारा, मागून येणारा, सगळे कडेला. गोरा, काळा, ओळखीचा, बिनओळखीचा. ट्रकवाले टोपी काढायचे. मी पुढे हळूहळू निघायचो आणि आरशात मागच्या गाड्या मोजायचो. ती माझी सवयच. घरी गेलो, की ओडेसा विचारायची, "आज किती?" मी म्हणायचो, "चव्वेचाळीस." ती म्हणायची, "भला माणूस असणार."

तिच्या स्वतःच्या मागे एकतीस होत्या. त्या दिवशी गाडी क्लॅरन्सने चालवली आणि मी मागच्या गाडीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मागे. डाउनटाऊनच्या कडेला सिग्नलपाशी आम्हा दोघांच्या मधे ती पार्टीवाल्यांची उघडी बस घुसली. लग्नाआधीची मजा करायला आलेल्या मुली, गुलाबी टोप्या, नाच, गाणी, हातात ग्लास. माझ्या बायकोची गाडी पुढे निघून गेली आणि मला दिसत होत्या त्या फक्त गुलाबी टोप्या. त्यातल्या एकीने मला पाहून हात हलवला. मी काय करावं? मीही हलवला. क्लॅरन्स आजही मला त्यावरून बोलतो. "अरे, शिव्या तरी घालायच्यास!" कुणाला घालणार? ती मुलगी कुठल्या तरी गावाहून दोन दिवसांसाठी आलेली. तिला कुणी सांगितलंच नसेल. पण दफनभूमीपर्यंतची ती अकरा मिनिटं मी ओडेसाला पाहिलं नाही. तेव्हापासून मी एकटा आहे. ती गेली तेव्हापासून नव्हे, त्या सिग्नलपासून. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. रेनीटा, रडू नकोस, पुढे थोडं हसायचंही आहे.

मागच्या वसंतात आपण टॉलिव्हर मास्तरांना आणलं. शाळेत तुमच्यापैकी निम्म्यांचे कान त्यांनी पिरगळले आहेत. भाडं परवडेना म्हणून नऊ वर्षांपूर्वी ते टेक्ससला पुतण्याकडे गेले होते. दफनाची जागा मात्र इथेच घेऊन ठेवलेली, बायकोच्या शेजारी. ते वारल्यावर पुतण्याने विमानाने पाठवलं, स्वतः आला नाही. मी विमानतळावर जाऊन त्यांना घेतलं. सवयीने आरशात पाहिलं. मागे एक सिमेंटचा ट्रक होता, तोही पुढच्या वळणावर वळला. मग कुणीच नाही. ज्यांच्या हाताखाली या भागातली तीन हजार पोरं शिकली, त्यांच्या मागे शून्य गाड्या. त्यात कुणाची चूक नाही. कोण मर्फ्रीसबरोला गेलं, कोण क्लार्क्सव्हिलला, कोण ॲटलांटाला. कुणाला कळलंच नाही. दफनभूमीत खोदणारे दोघं आणि मी. पास्टर दुसऱ्या अंत्यविधीला होते. मी टोपी काढली, आठवेल तसं स्तोत्र म्हटलं. मधली एक ओळ चुकलो. मास्तर असते तर ओरडले असते.

त्या दिवशी घरी आलो आणि सवयीने थांबलो, कुणीतरी "आज किती?" विचारेल म्हणून.

आणि म्हणून एप्रिलमध्ये रेनीटाकडे आठवडाभर राहायला गेलो, तेव्हा मी माझी स्वतःची पाहणी केली. तिला म्हटलं, मला एक घडीची खुर्ची दे आणि दफनभूमीच्या रस्त्यावर सोड. ती म्हणाली, "बाबा, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मला इथे ओळखतंय कोण?" सकाळी अकराच्या सुमारास एक अंत्ययात्रा आली. अठरा गाड्या. आणि समोरून येणारा दुधाचा ट्रक थांबला. त्यामागे एक म्हातारा शेतकरी, त्याने गाडीतून उतरून टोपी छातीशी धरली. त्याच्यामागे एक छोटी विजेची गाडी, कॅलिफोर्नियाची पाटी. मी कडेला उभा होतो, तर आतल्या बाईने काच खाली केली.

"काका, पुढे अपघात झालाय का?"

"नाही बाई. एक माणूस चाललाय."

"कोण?"

"मला माहीत नाही."

"मग सगळे थांबलेत कशाला?"

"तो चाललाय म्हणून."

तिने गाडीतलं गाणं बंद केलं. शेवटची गाडी जाईपर्यंत बसून राहिली. निघताना मला म्हणाली, "तुमच्या दुःखात सहभागी आहे, काका." माझा त्या माणसाशी काडीचा संबंध नव्हता. पण मी म्हटलं, "आभारी आहे." कारण ते वाक्य मला तीन वर्षांपूर्वी हवं होतं.

तिथे उभ्या उभ्या मला एक गोष्ट उमगली. ती बाई आपल्याकडेही येतेच. रोज शंभर येतात. पण इथे तिच्या पुढची गाडी थांबत नाही, मग ती कुणाकडे बघून शिकणार? पुढच्या गाडीत बसणारे आपण होतो, आणि आपणच निघून चाललोय. मीही शनिवारी निघालोच आहे.

रेनीटाच्या कागदावर हंट्सव्हिलच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिलं, "थांबतात." ती वाचून खूश झाली. तिला वाटलं, बाबांचं मन वळलं. लगेच म्हणाली, "बाबा, तिकडे दफनभूमीत जागाही स्वस्त आहे. तुमची घेऊन ठेवू. आणि रीतसर परवानगी काढून आईलाही तिकडे नेऊ." मी म्हटलं, "तुझ्या आईला आयुष्यात एकदाच घर बदलायला लावलं होतं. सहा महिने माझ्याशी नीट बोलली नव्हती. आता पुन्हा विचारायची माझी छाती नाही."

तिच्या दगडावर माझं नाव कोरून झालंय. फक्त एक साल घालायचं राहिलंय. तेव्हा राहायला मी हंट्सव्हिलला जाईन, पण झोपायला इथेच येणार, ओडेसाशेजारी. व्हर्नेलबाईंनी गाडी पाठवायचं कबूल केलंय, पेट्रोल त्यांचं. तिकडच्या रस्त्यावर लोक थांबतील, त्याची मला खात्री आहे. थांबणारे परके असले तरी चालतात. मागे मात्र आपली माणसं लागतात. तिकडे मला मागे यायला रेनीटाशिवाय कुणी नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, आणि मला मरणाची भीती नाही, ते माझं रोजचंच काम होतं. मला भीती वाटते ती टॉलिव्हर मास्तरांच्या आरशाची.

तर माझं मागणं हे. माझी बातमी कळली, की राज्याच्या सीमेपर्यंत मला घ्यायला कोण येईल? जाऊन येऊन दिवस मोडेल. पासष्ट नंबरच्या हायवेवर दुरुस्तीची कामं चालू आहेत आणि माझ्या हयातीत ती संपतील असं वाटत नाही. अशा समारंभात सगळेच हो म्हणतात, हे मी धंद्यातला माणूस म्हणून जाणतो. म्हणून भीड न धरता हात वर करा, आणि खोटा हात वर करू नका.

पास्टर, तुम्ही हात खाली घ्या. तुम्हाला यावंच लागतं, तुम्हाला मोजणार नाही. व्हर्नेलबाई, तुम्हीही. डॉक्टरांनी तुमच्या गाडीची किल्ली काढून घेतलीय, हे अख्ख्या चर्चला माहीत आहे. क्लॅरन्स, अरे, तुझी गाडी फ्रँकलिनच्या पुढे गेलेली कुणी पाहिलेली नाही! बरं, जावयाची आणणार असशील तर ठेव. लूएलाबाई, हात वर की नुसता वारा घेताय? वर? बरं. आणि स्वयंपाकघरातून झारा दिसतोय, तो धरू का? धरतो. थांबा, मला नीट मोजू दे, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

सात.

खरं सांगतो, घरून निघताना मी चार धरले होते.

आधी घोटभर पाणी पितो. हे पाणी कुणी ठेवलं, देव त्यांचं भलं करो.

व्हर्नेलबाई, सदतीस वर्षं तुम्ही माझा पगार एक दिवस चुकवला नाहीत आणि मी जेवलो का हे विचारायला कधी विसरला नाहीत, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत. पास्टर, भगिनींनो, क्लॅरन्स, तुम्हा सगळ्यांचे आभार. या सदतीस वर्षांत घाईत असलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी रस्त्यात खोळंबून ठेवलं असेल, कुणाला वेळेवर नमस्कार केला नसेल, आज नको ते तुमच्यासमोर उघडं केलं असेल. सगळं पदरात घ्या. ज्या सात जणांनी हात वर केले, त्यांना एवढंच सांगायचंय, की त्या दिवशी धावपळ करू नका. कामं आटपून, दोन घास खाऊन, सावकाश निघा. मी थांबेन.