बाबांचं मशीन आणि माझी फांदी

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने एक फांदी कापायची ठरवली तर त्यात एवढं चुकलं काय? झाड नाही हो, फांदी! एक! आमच्या बॅकयार्डातल्या गमट्रीची, म्हणजे इथल्या निलगिरीची, चांगली मांडीएवढी जाड, आणि ती थेट आमच्या अनुष्काच्या खोलीवर आलेली. म्हणजे खाली पोरगी झोपलीय आणि वर छपरावर खर्र... खर्र... घासतंय! आणि गमट्रीची खोड तुम्हाला ठाऊकच असेल, वारा नसला तरी फांदी टाकते, न सांगता, न विचारता! आमची चिन्मयी म्हणाली, "हृषी, स्टॉर्म सीझनच्या आत ती फांदी गेली पाहिजे. तोवर अनू माझ्याजवळ झोपेल. तू सोफ्यावर." झालं! त्या दिवसापासून मी सोफ्यावर, पाय बाहेर, उशी खाली आणि डोळे छताकडे.

मी काय हात बांधून बसलो? छे! झाडं कापणाऱ्यांना फोन लावले, एकूण एक. पण कोविडचं पहिलं वर्ष, सगळे घरात बसून आपापल्या झाडांकडे बघत होते! जो तो म्हणतो, "सॉरी मेट, बुक्ड आउट टिल क्रिसमस." आता क्रिसमसपर्यंत ती फांदी काय तारीख लावून थांबणार आहे? म्हटलं, आपणच मशीन घेऊ, चेनसॉ. आणि तुम्हाला सांगतो, मी फार छान मशीन शोधलं होतं. बॅटरीवरचं, लांब दांड्याचं, जमिनीवर उभं राहायचं, वर धरायचं, बटण दाबायचं, खाली अर्धवट काप, वरून पूर्ण काप, फांदी खाली! आवाज नाही, धूर नाही. माझं बोट त्या 'बाय नाऊ'वर होतं हो! मला फक्त एक फांदी कापायची होती!

तेवढ्यात मागून आवाज. "हृषिकेशराव... बॅटरीवर टॉर्च चालते."

बाबा. म्हणजे माझे सासरे. भोसरीच्या कारखान्यात सगळी हयात मेंटेनन्समध्ये काढलेली. सासूबाई गेल्यापासून पुण्यात एकटेच असायचे, म्हणून चिन्मयीने हट्टाने बोलावून घेतलं, मार्चमध्ये नातीला बघायला आले आणि आले न आले तोच विमानं बंद! बसले अडकून इथे ब्रिस्बेनला, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये. दिवसभर खिडकी ते किचन, किचन ते खिडकी, आणि टीव्हीवर पुण्याचे आकडे. जेवण अर्धी पोळी. त्या माणसाच्या डोळ्यांत त्या दिवशी, मशीन म्हटल्याबरोबर, अशी काही चमक आली की माझं बोट 'बाय नाऊ'वरून आपोआप सरकलं. "मशीन म्हणजे पेट्रोलचं," म्हणाले, "आवाज आला पाहिजे, हाताला कळलं पाहिजे." मी म्हटलं, बाबा, जड असतं ते, किकबॅक असतो, पातं उसळतं, इजा होते... "म्हणूनच मेंटेनन्स लागतो!" आलं पेट्रोलचं. क्लिक अँड कलेक्ट, म्हणजे फोनवर घ्यायचं, दुकानाच्या दारातून उचलायचं. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतानाच बाबांनी त्याला सीटबेल्ट लावायला लावला.

मी म्हटलं, चला, शनिवारी कापून टाकू. बाबा म्हणाले, "शनिवारी? आणि रनिंग-इन?" रनिंग-इन! आपल्याकडे नवी गाडी घेतली की काही दिवस चाळीसच्या वर न्यायची नाही, आठवतंय ना? तसं! रोज सकाळी मशीन बॅकयार्डात, चोक द्यायचा, दोरी ओढायची, नुसतं गुरगुरू द्यायचं आणि बंद. कापायचं काय? तर काड्या. बोटाएवढ्या काड्या! आणि सुरू करण्याआधी हा माणूस मशीन काय करायचा? तिरपं! उजवीकडे तिरपं करायचा, दोन सेकंद धरायचा, मग दोरी. स्कूटर हो, जुनी स्कूटर! त्यांनी नसतं केलं तर मीच केलं असतं, आपल्या सगळ्यांच्या हातातच आहे ते. आणि तिकडे माझी ऑफिसची स्क्रम मीटिंग चाललेली, मॅनेजर म्हणतोय, "हृषी, इज देअर अ मोटरबाईक इन युअर हाऊस?" मी म्हणतो, नो नो, फादर-इन-लॉ.

मी वैतागून चिन्मयीला म्हटलं, अगं, मला फक्त एक फांदी कापायची आहे, बाबांना सांग ना! तर हळूच म्हणाली, "राहू दे रे. मार्चपासून आज पहिल्यांदा दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी." संपलं! दोन पोळ्यांपुढे जावयाचं काय चालणार? मी सोफ्यावर गेलो.

आता मशीन म्हटलं की त्याची काळजी. रोज संध्याकाळी चेन उतरवायची, गोल कानसीने एकेक दात घासायचा, चेनचा ताण बघायचा, वर माझ्या लग्नातल्या शालीचं कव्हर! चेनचं तेल संपलं, दुकानात मिळेना, कारण सगळ्या ब्रिस्बेनने चेनसॉ घेतलेले. बाबा गेले किचनमध्ये, तळणाचं तेल आणलं आणि ओतलं टाकीत. "तेल ते तेल." आणि चाललं हो! फक्त मशीन तापलं की सगळ्या गल्लीत भज्यांचा वास. शेजारचा एलायस, वसईचा, इतकी वर्षं इथे राहून पार ऑसी झालाय, त्याचं डोकं कुंपणावर. "हृषी मेट, कांदा की बटाटा?" म्हटलं, फांदी. अजून कापलेली नाही.

एवढं सगळं झालं, मशीन लोण्यासारखं चालायला लागलं, काड्या कापून कापून बॅकयार्ड टक्कल पडल्यासारखं झालं, बाबा स्वतःहून म्हणाले, "आता तयार आहे." माझ्या डोळ्यांत पाणी! हेल्मेट-बिल्मेट काही मिळत नव्हतं, म्हणून मी क्रिकेटचं हेल्मेट घातलं, पॅड बांधले, शिडी लावली, अनुष्का मला म्हणाली, "डॅडी, यू लुक लाईक अ नाईट वॉचमन"... आणि बाबांनी कॅलेंडर बघितलं.

खंडेनवमी!

अहो, खंडेनवमीला हत्यारांची पूजा. हत्यार पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्यालाच उचलायचं. मशीन पाटावर. खाली रांगोळी. झेंडूची माळ. सोबत माझे स्क्रू-ड्रायव्हर, चिन्मयीची सुरी, आणि माझा लॅपटॉप! चालू मीटिंगमधून उचलून नेला, कॅमेऱ्यालाच कुंकू लावलं! मॅनेजर विचारतो, "व्हाय इज एव्हरीथिंग रेड?" आणि नेमका, नेमका त्याच दुपारी फोनवर अलर्ट. मोठं वादळ, गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा, संध्याकाळच्या आत. मी पॅड बांधलेलाच होतो. म्हटलं, बाबा, मशीन! बाबा म्हणाले, "आज नाही. आज ते देव आहे." मी म्हटलं, बाबा, फांदी पोरीच्या खोलीवर आहे हो! खरं सांगतो, तेव्हा माझा आवाज फाटला. गंमत नव्हती वाटत त्या क्षणी. गारांआधी होतं तसं आकाश हिरवं झालं होतं आणि मला भीती वाटत होती.

बाबांनी मशीनवरची माळ सरळ केली. तेवढ्यात अनुष्का आली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून म्हणाली, "आजोबा, प्लीज. आय जस्ट वॉन्ट माय रूम बॅक." म्हातारा विरघळला. हात जोडले, पाटावर अक्षता टाकल्या, मशीन जरासं हलवलं, "क्षमा कर बाबा," असं मशीनला म्हणाले आणि उचललं! तिरपं केलं. दोरी ओढली.

खर्र... फुस्स.

पुन्हा. फुस्स. पुन्हा! अहो, ज्या मशीनचा एकेक दात रोज घासला, ते मशीन एका फांदीच्या आधी मेलं? बाबांनी कव्हर उघडलं आणि बघतच राहिले. मशीनला हवा जिथून आत जाते ना, बरोब्बर तिथे, सगळ्या जाळीवर, मनापासून लावलेलं हळदकुंकू! वर अक्षता! एअर फिल्टर लालभडक! मशीन बिचारं श्वास घेणार कुठून?

आणि तेवढ्यात टपाटप गारा. आम्ही चौघं बाथरूममध्ये, कारण तिथे खिडकी नाही. चिन्मयीने पोरीला पोटाशी धरलेलं, मी हेल्मेटमध्ये, आणि बाबांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मशीन. छपरावर दगड पडल्याचा आवाज... आणि मग धाड्! सगळं घर हललं. बाबा पांढरेफटक. अनुष्काचा हात घट्ट धरून म्हणाले, "माझ्यामुळे. माझ्या पूजेमुळे." मी म्हटलं, नाही हो बाबा. आणि मनात म्हटलं, हो, तुमच्यामुळेच!

वादळ गेलं. बाहेर येऊन बघतो तर फांदी खोडापासून सुटलेली, पण पोरीच्या खोलीला ओरखडा नाही! जाऊन पडली कपडे वाळत घालायच्या त्या गोल हॉइस्टवर. हॉइस्ट गेला, माझे दोन शर्ट गेले, बाकी सगळे धडधाकट. बाबा तिथेच ओल्या गवतावर बसले आणि ढसाढसा रडले, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो, हेल्मेट घालूनच. फांदी गेली होती! मला फक्त तेवढंच हवं होतं!

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुमच्यापुढे कशाला उभा राहिलो असतो? दसऱ्याला सकाळी बाबांनी टूथब्रशने, माझ्याच, फिल्टर घासला, मशीन पहिल्या दोरीला सुरू, पडलेल्या फांदीचे तुकडे तुकडे, गल्लीत भज्यांचा वास. एलायसचं डोकं वर. "अंकल, आमची पण एक पडलीय. मशीन देता काय जरा?" बाबांनी मशीनवर हात ठेवला. "मशीन घराबाहेर जाणार नाही. फांदी इकडे आणा."

आणि आणली हो! त्याने आणली, पलीकडच्या पंजाबी कुटुंबाने आणली, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या ऑसी बाईने तर नातवाकरवी अख्खं झाड ओढत आणलं. "लव्हली मॅन, युअर डॅड!" म्हणते. बाबा दिवसभर बॅकयार्डात, तीन पोळ्या खातात आणि वर भात. चिन्मयी खूश, अनुष्का आपल्या खोलीत. फक्त तिच्या खिडकीतून आता काही दिसत नाही, कारण सगळ्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या फांद्या आमच्याकडे! परवा विमानं सुरू होतायत असं ऐकलं, बाबांना म्हटलं, परतीचं बघू या का? म्हणाले, "थांबा हो. आधी या ढिगाचा भुगा करायला चिपर बघा. त्याचं रनिंग-इन झालं की बोलू."

म्हणून कालपासून चिपर बघतोय. आणि तुम्हाला सांगतो, एक फार छान मिळालाय. छोटासा, शांत, विजेवरचा, माझं बोट आत्ताही 'बाय नाऊ'वरच आहे... श्श. हळू बोला. मागे उभे आहेत.